पट्टीचे पैसे, दुकानाचे पैसे आणि आयकर रिटर्न

प्रश्न : सेलूत माझं विहिरीच्या मोटारी भरून देण्याचं (रिवाइंडिंगचं) दुकान आहे. 2025-26 मध्ये 14 लाखांचं काम झालं. 9 लाख क्यूआरवर आले, 5 लाख रोख. त्याच बचत खात्यात सोयाबीनच्या पट्टीचे (आडत्याच्या विक्री-पावतीचे) 2 लाख 60 हजार आणि भावाने पाठवलेले पैसेही आहेत. रिटर्न पहिल्यांदाच ऑनलाइन भरायचं आहे. तयारी कुठून करू?

उत्तर : खात्यापासून. वर्षाचं बँक स्टेटमेंट एक्सेलमध्ये डाउनलोड करा आणि प्रत्येक जमा रकमेपुढे दुकान, शेती किंवा घर यांपैकी एक शब्द लिहा. दोन-तीन संध्याकाळी जातील, पण हे टाळू नका. पुढचं सगळं यावरच उभं आहे. शेतीच्या रकमेला आडत्याची पट्टी जोडून ठेवा. सातबारा वडिलांच्या नावे असेल तर पट्टीही त्यांच्याच नावे करायची आणि पैसे त्यांच्याच खात्यात घ्यायचे. तुमच्या खात्यात ते आले की खुलासा तुम्हालाच करावा लागतो.

दुकानाला कलम 44एडी लागू होतं. त्यात हिशेबाच्या वह्यांऐवजी उलाढालीचे ठरावीक टक्के नफा धरला जातो. क्यूआरच्या 9 लाखांवर 6 टक्के म्हणजे 54 हजार, रोखीच्या 5 लाखांवर 8 टक्के म्हणजे 40 हजार. एकूण 94 हजार नफा. हा किमान आकडा आहे. प्रत्यक्षात 3 लाख सुटले असतील तर 3 लाखच दाखवा. नव्या करप्रणालीत 4 लाखांपर्यंत कर शून्यच आहे, आणि उद्या कर्ज मागायला गेलात तर बँक हाच आकडा बघणार. गिऱ्हाइकाकडून रोख घेऊन ती तुम्ही स्वतः खात्यात भरलीत, तरी ती रोखच. तिला 6 टक्के लावता येत नाहीत. ही चूक फार जण करतात.

आता खरी अडचण. 44एडीवाले सहसा आयटीआर-4 हा रिटर्नचा फॉर्म भरतात. पण खर्च वजा जाता शेतीचं उत्पन्न 5,000 रुपयांच्या वर असेल तर तो फॉर्म चालत नाही, आयटीआर-3 घ्यावा लागतो. आपल्याकडे दुकानदाराच्या घरी शेती असतेच, त्यामुळे मराठवाड्यात हा नियम फार जणांना लागू पडतो. फॉर्म सोपा पडावा म्हणून शेती लपवू नका. ती करमुक्तच आहे. लपवली तर खात्यातले 2 लाख 60 हजार कुठून आले, हे सांगायला कागदावर काहीच राहत नाही. बियाणं, खत, मळणीच्या पावत्या सोबत ठेवा.

भरण्याआधी आयकर पोर्टलवर एआयएस, म्हणजे तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांची खात्याकडे असलेली माहिती, उघडा. त्याच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि लगेच जन्मतारीख, मध्ये जागा न सोडता. बचत खात्याचं व्याज तिथे दिसतं, तेही धरा. आधारला जोडलेला मोबाइल चालू आहे ना, ते आधीच बघा, कारण रिटर्न भरल्यापासून 30 दिवसांत ई-पडताळणी (ती सहसा आधारच्या ओटीपीने होते) झाली नाही तर वेळेत भरलेलं रिटर्नही उशिराचं ठरू शकतं. आणि दुकानासाठी चालू खातं उघडून क्यूआर त्यालाच जोडा, म्हणजे पुढच्या वर्षी ही निवडानिवड उरणार नाही.

प्रश्न : जालन्यात मी सिव्हिल इंजिनिअर म्हणून नकाशे आणि एस्टिमेट करून देतो. 2025-26 मध्ये एका बिल्डरने 80 हजारांच्या बिलातून 8 हजार टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापला, पण 26एएसमध्ये, म्हणजे माझ्या नावावर जमा कराच्या ऑनलाइन उताऱ्यात, तो दिसत नाही. मिळाले 72 हजार, तेवढेच दाखवू का?

उत्तर : नाही, 80 हजारच दाखवा. 44एडीए हे इंजिनिअरसारख्या व्यावसायिकांसाठीचं कलम घेतलंत तर निम्मे, म्हणजे किमान 40 हजार, उत्पन्न धरलं जाईल. टीडीएस न दिसण्याची कारणं बहुधा दोनच : बिल्डरने टीडीएसचं तिमाही विवरण भरलेलं नाही, किंवा त्यात तुमच्या पॅनचं एखादं अक्षर चुकलं आहे. त्याच्याकडे फॉर्म 16ए (टीडीएसचं प्रमाणपत्र) मागा आणि त्यावरचा पॅन स्वतःच्या कार्डाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. चूक असेल तर दुरुस्ती विवरण त्यालाच भरावं लागतं, तुमच्या लॉगिनमधून ते होत नाही. मागणी लेखी करा, शेवटच्या आठवड्याची वाट न बघता. 26एएसमध्ये नसलेले 8 हजार कापले म्हणून दाखवलेत, तर ते नाकारले जाऊन तुमच्याच नावावर कराची मागणी निघू शकते.