वाचकांचे प्रश्न : पालापाचोळा, शेकोटी, राब आणि पाचट

प्रश्न : आमच्या सोसायटीचा माळी दर आठवड्याला पालापाचोळ्याचा ढीग मागच्या कुंपणाजवळ पेटवतो. ‘आपल्याच आवारात जाळतोय, रस्त्यावर नाही’ असं कमिटीचं म्हणणं आहे. हे चालतं का? – वाचक, कोथरूड

उत्तर : नाही. आवार कोणाचं आहे याने फरक पडत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये दिलेल्या आदेशात जमिनीवर उघड्याने कचरा जाळायला संपूर्ण बंदी आहे. साध्या जाळपोळीला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर कचरा जाळल्यास 25,000 रुपये भरपाई, तीही प्रत्येक घटनेला. ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. शिवाय जो जाळण्याला जबाबदार तो दोषी. त्यामुळे माळ्याकडे बोट दाखवून कमिटीला सुटता येणार नाही. तक्रार वॉर्ड ऑफिसच्या आरोग्य निरीक्षकाकडे करा. सोबत फोटो, वेळ आणि नेमकी जागा द्या.

पण नुसती तक्रार करून ढीग हलत नाही, त्याची सोय लागली पाहिजे. चार फूट उंचीची कोंबडीजाळी दहा फूट घ्या, टोकं तारेने बांधा. साधारण तीन फूट व्यासाचा गोल पिंजरा होतो. तो फरशीवर न ठेवता मातीवर ठेवा. तळाशी वाळक्या काटक्यांचा वीतभर थर द्या, खालून हवा खेळली पाहिजे. त्यावर फूटभर पाला, मग शेणकाला (दहा लिटर पाण्यात दोन किलो शेण), पुन्हा पाला, असं भरत जा.

बहुतेकांचं इथेच चुकतं : पिंजरा कोरडाच भरतात आणि मग वरून पाइप धरतात. वाळल्या पानांवरून पाणी कडेने निघून जातं आणि मधला गाभा महिनोन्महिने खडखडीत राहतो. म्हणून प्रत्येक थर भरतानाच भिजवा. मूठभर पाला दाबला तर हात ओला व्हावा, पण थेंब गळू नये. वास आला तर समजा पाणी जास्त झालं किंवा कोणीतरी स्वयंपाकघरातला ओला कचरा आत टाकला. उपसून कोरडा पाला मिसळा. तीन-चार आठवड्यांनी एकदा खालीवर करा. पर्जन्यवृक्ष आणि गुलमोहराची बारीक पानं लवकर कुजतात. आंबा, फणस, जंगली बदाम यांची जाड पानं आधी पायाखाली चुरडून टाका. चार ते सहा महिन्यांत खत तयार होतं. फांद्या यात घालू नका, त्या महापालिकेच्या उद्यान कचऱ्यात वेगळ्या द्या.

प्रश्न : थंडीत रात्रपाळीचा वॉचमन शेकोटी करतो. त्यालाही बंदी? – वाचक, नाशिक

उत्तर : शेकोटीत बहुधा पुठ्ठा, प्लायचे तुकडे, प्लॅस्टिक, कधी टायर असतं. तो कचराच, आणि वरचाच नियम त्याला लागू. प्लायच्या डिंकातून फॉर्माल्डिहाइड निघतं, पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिन. थंडीच्या पहाटे गार हवा जमिनीलगत कोंडते, त्यामुळे हा धूर वर न जाता खिडक्यांच्या उंचीलाच राहतो. मात्र त्या माणसाला थंडीत उघडं बसवून बंदी सांगणं बरोबर नाही. आधी बंद केबिन, गरम जॅकेट आणि चांगल्या वायरिंगवरचा हीटर द्या, मग शेकोटी बंद करा.

प्रश्न : आमची भातशेती वनहद्दीला लागून आहे. राब (रोपांच्या वाफ्यावर पसरून जाळायचा पाला, फांद्या, शेण) भाजल्याशिवाय रोपं चांगली येत नाहीत. वनरक्षक हरकत घेतात. नियम काय? – वाचक, पोलादपूर

उत्तर : महाराष्ट्रात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम धरला जातो, आणि राबाची भाजणी नेमकी त्यातच येते. भारतीय वन अधिनियम, 1927 चं कलम 26 राखीव वनाला धोका होईल अशा रीतीने आग लावणं किंवा पेटती सोडणं गुन्हा ठरवतं. अभयारण्याला हेच वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम 30 ने लागू होतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 287 खाली आगीबाबतच्या धोकादायक निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद, 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

भाजायचंच असेल तर वनरक्षकाला आधी कळवा आणि त्याने नको म्हटलं तर थांबा. राबाभोवती किमान तीन मीटरची जाळरेषा काढा. नुसतं गवत कापून भागत नाही, माती दिसेपर्यंत खरवडलं पाहिजे. वारा पडलेला असताना, आणि वारा ज्या दिशेला जातो त्या टोकाकडून पेटवा, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध सावकाश सरकते. पाण्याचं पिंप, पाठीवरचा भरलेला फवारणी पंप, झोडपायला हिरव्या फांद्या आणि तीन माणसं हवीत.

वणवा बऱ्याचदा भाजताना लागत नाही, नंतर लागतो. बांधावरचं जुनं खुंट आतून धुमसत राहतं, दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला की ठिणगी शेजारच्या काजूच्या बागेतल्या वाळल्या गवतात. राखेवर पाणी मारा, काठीने उकरा, पुन्हा मारा. हाताची पाठ राखेजवळ नेऊन पाहा, ऊब लागली तर काम संपलेलं नाही. मातीने झाकलेला निखारा खाली जिवंत राहतो. आग हाताबाहेर जाऊ लागली तर वनविभागाला 1926 वर फोन करा.

राबाने तणाचं बी मरतं आणि राखेतून पालाश (पोटॅश) मिळतं, हे खरं. दोन्ही न जाळताही मिळतात. एप्रिलमध्ये वाफ्याची जागा नांगरून भिजवा, पातळ पारदर्शक प्लॅस्टिकने झाका, कडा मातीत गाडा आणि पाच-सहा आठवडे राहू द्या. उन्हाने बरंचसं तण मरतं. मग मीटरभर रुंद गादीवाफे करून दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळसर राख मातीत मिसळा. कवळ (राबासाठीच्या पानाळ फांद्या) तोडायला रानात जायचं कामही वाचतं. पहिल्या वर्षी निम्म्या क्षेत्रावर करून पाहा.

प्रश्न : ऊस तुटल्यावर पाचट (उसाची वाळली पानं) पेटवलं नाही तर खोडव्याला (तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाला) पाणी फिरत नाही. दुसरा उपाय? – वाचक, कराड

उत्तर : हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघतं, आणि ते पेटवलं की त्यातला नत्र आणि सेंद्रिय कर्ब जवळजवळ सगळा हवेत जातो. पाचट ओळीवर न ठेवता सरीत नीट दाबून बसवा. पाणी अडतं ते विस्कटलेल्या ढिगांमुळे. बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा, नाहीतर वरच्या डोळ्यांतून अशक्त फुटवे येतात. पाचटावर हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट टाका आणि 10 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक शेणखतात मिसळून पसरा. लगेच पाणी द्या. युरिया कोरड्या पाचटावर पडून राहिला तर त्यातला नत्र उडून जातो. पहिलं पाणी सावकाश चालेल, पुढच्या पाळ्यांना पाचट बसतं आणि ओल जास्त दिवस टिकते.