इंग्रजी कॉमन लॉमध्ये (कोर्टाच्या निकालांतून घडत गेलेल्या कायद्यात) तोतयाने फसवलं तर जुन्या काळी काय दाद मिळायची?

दाद मिळायची, पण फसलेल्यालाच आधी मूर्ख ठरवून. १७०३ सालचा जोन्सचा खटला बघा. ‘मला अमक्याने पाठवलंय’ असं खोटं सांगून या माणसाने २० पौंड नेले. सरन्यायाधीश होल्ट म्हणाले, एकाने दुसऱ्याला मूर्ख बनवलं म्हणून फौजदारी होत नाही, दिवाणी दावा लावा. खोटं माप किंवा बनावट खूण वापरली असेल तरच गुन्हा. नुसत्या थापेने माल उकळणं सरसकट गुन्हा ठरलं ते १७५७ च्या कायद्याने.

होल्टसाहेबांचं वाक्य आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकलंय, काकांच्या तोंडून. इचलकरंजीत बाबांचे आठ माग होते. एका नामांकित पेढीच्या नावाने ग्रे, म्हणजे मागावरच्या कोऱ्या कापडाची ऑर्डर आली. लेटरहेड छापील, सही फर्राटेदार. बाबांनी ४० तागे ट्रान्सपोर्टने पाठवले. पैसे आलेच नाहीत म्हणून चौकशी केली तर पेढीने ऑर्डर दिलेलीच नव्हती. पत्र परत काढून पाहिलं तेव्हा कळलं, नावात एक अक्षर वेगळं होतं. चार महिन्यांनी आमच्या शिक्क्याचे तागे सोलापूरच्या एका दुकानात सापडले. दुकानदाराने रोख मोजून घेतले होते, तोही बिचारा अनभिज्ञ. वकिलांनी नोटिशीचा मसुदा करून दिला. काका म्हणाले, “नाव धड वाचता येत नाही हे कोर्टात जाऊन सांगणार का?” बाबांनी सही केली नाही.

आता १८७८ चा कंडी विरुद्ध लिंडसे हा निकाल वाचा. ब्लेंकार्न नावाच्या ठगाने लंडनच्या वुड स्ट्रीटवर खोली घेतली. त्याच रस्त्यावर ब्लेंकिरॉन ही नावाजलेली पेढी होती. सही अशी करायचा की ब्लेंकिरॉनच वाचलं जावं. बेलफास्टच्या लिंडसे मंडळींनी माल पाठवला, त्यातले २५० डझन रुमाल कंडीने ठगाकडून प्रामाणिकपणे विकत घेतले. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ठरवलं की लिंडसेंचा करार ब्लेंकार्नशी झालाच नव्हता, मालकी गेलीच नाही, तेव्हा भरपाई कंडीने द्यायची. बेलफास्टचे मुरलेले व्यापारी सही वाचून चकले आणि कोर्टाने त्यांना वेडं म्हटलं नाही. मग माझे बाबा वेडे कसे?

ठगाकडून नुकसानभरपाई मागण्याचा मार्ग वेगळा. तो १७८९ च्या पॅसली विरुद्ध फ्रीमन निकालाने मोकळा झाला. पण १८८९ च्या डेरी विरुद्ध पीकपासून, समोरचा जाणूनबुजून किंवा खऱ्याखोट्याची फिकीर न करता बोलला हे दाखवावं लागतं.

एक सांगायचं राहिलं. ठग समोर उभा असेल तर गणित उलटतं. १९१९ च्या फिलिप्स विरुद्ध ब्रुक्समध्ये सराफाने दुकानात आलेल्या तोतयाला अंगठी दिली. करार त्या समोरच्या माणसाशीच झाला असं धरलं गेलं आणि अंगठी प्रामाणिकपणे गहाण ठेवून घेणाऱ्याची बाजू टिकली. आपल्याकडेही १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम २९ अशा प्रामाणिक खरेदीदाराला वाचवतं, म्हणून करार मुळात झालाच नाही की झाला पण रद्द करता येतो, हे वकिलाला आधी विचारा.

तुमच्या बाबतीत असं काही घडलं असेल तर पत्र, पाकीट, बिल्टी सगळं जपून ठेवा आणि नोटीस याच आठवड्यात पाठवा. घरचे हसतील म्हणून थांबू नका. आमची दावा लावायची तीन वर्षांची मुदत तशीच गेली.