वर्ड २००३ मध्ये मराठी कीबोर्डच्या कळा आपल्या सोयीने बदलता येतात का?

सांगलीतील हळदीच्या अडतीत, विंडोज एक्सपी आणि वर्ड २००३ असलेल्या जुन्या संगणकावर इनस्क्रिप्टने (भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाणित कळरचनेने) पत्रे व हिशेबपट्ट्या टंकताना ‘शेतकऱ्यांना’, ‘व्यापाऱ्यांनी’ अशा शब्दांसाठी फार कळा दाबाव्या लागतात, त्या कमी करता येतील का, असे आपण विचारले आहे. येतील, मात्र हा बदल वर्डमध्ये न करता विंडोजमध्ये करावा, असे टंकलेखनाच्या कामात असल्यामुळे मी सुचवेन. वर्डच्या इन्सर्ट मेनूतील सिम्बॉलमधून एखाद्या अक्षराला शॉर्टकट देता येतो, पण तो वर्डपुरताच राहतो, एक्सेलमध्ये चालत नाही.

आधी एखाद्या जुन्या फाइलीतील मजकुराला एरियल फाँट देऊन पाहावा. रोमन अक्षरांचा गोंधळ दिसला, तर तो मजकूर युनिकोड (सर्व लिप्यांची सामायिक संगणकीय संकेतप्रणाली) नाही आणि पुढील उपाय त्या फाइलींसाठी निरुपयोगी आहे.

मायक्रोसॉफ्ट कीबोर्ड लेआउट क्रिएटर १.४ हे मोफत साधन घ्यावे; त्यासाठी संगणकावर मायक्रोसॉफ्टचे डॉटनेट २.० हे सहायक सॉफ्टवेअर लागते. फाइल मेनूतील लोड एक्झिस्टिंग कीबोर्डमधून मूळ मराठी कीबोर्ड उघडून त्याला नवे नाव द्यावे. इनस्क्रिप्टमध्ये ‘ऱ्या’साठी शिफ्टसह जे, मग डी, तिरकी रेघ आणि ई अशा कळा लागतात. या साधनात एका कळीवर जास्तीत जास्त ४ चिन्हे बसतात आणि ‘ऱ्या’मध्ये ऱ, हलन्त, य व काना अशी नेमकी ४च आहेत, अनुस्वार मात्र वेगळाच द्यावा लागेल. हे जोडाक्षर उजव्या ऑल्टसह जे या कळीवर ठेवावे. विंडोज उजव्या ऑल्टला कंट्रोल-ऑल्ट समजते आणि वर्डमध्ये कंट्रोल-ऑल्टसह एन, ओ, पी दाबल्यास पानाचे दृश्य बदलते, म्हणून त्या ३ कळा टाळलेल्या बऱ्या.

शेवटी प्रोजेक्ट मेनूतून बिल्ड डीएलएल अँड सेटअप पॅकेज करून सेटअप चालवावा आणि कंट्रोल पॅनेलच्या रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये नवा कीबोर्ड निवडावा.

अडतीत कोणी टंकलेखन यंत्रावर शिकलेले असेल, तर त्यांची पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर दाबण्याची सवय या साधनाने सांभाळली जात नाही, कारण ते चिन्हांचा क्रम उलटवू शकत नाही. त्यांच्यासाठी नियम लिहिता येणारे कीमॅन हे कीबोर्ड बनवण्याचे दुसरे साधन वापरावे.