स्वयंपाक शिकायला वडोदऱ्याला कशाला?

प्रश्न : आम्ही दिग्रसकडचे. पाच एकर कोरडवाहू, कापूस-तूर. मुलीला बारावी सायन्सला ७१ टक्के पडले, नीट जमली नाही. आता म्हणते, वडोदऱ्याला मानव विकास आणि कुटुंब अभ्यास शिकते. पाहुणे हसतात. स्वयंपाक शिकवायला एवढ्या दूर पाठवायचं काय?

उत्तर : भाऊ, पाहुण्यांचा गैरसमज जुना आहे, म्हणून आधी त्याचंच सांगतो.

मागच्या पावसाळ्यात मी धारणी तालुक्यातल्या एका अंगणवाडीत बसलो होतो. सेविकेनं दीड वर्षाच्या पोराच्या दंडाला पट्टी गुंडाळली. साडेअकरा सेंटीमीटरच्या आत, म्हणजे लाल, तीव्र कुपोषण. आजी म्हणाली, घरात ज्वारी आहे, डाळ आहे. सेविकेनं एवढंच विचारलं, "दुपारी याला भरवतं कोण?" आई निंदणाला वावरात जायची आणि भरवायला मागे राहायची आठ वर्षांची बहीण. धान्य होतं, भरवणारं मोठं माणूस नव्हतं. तुमची लेक शिकू म्हणते ते हेच : मूल वाढतं कसं, घरातली कामं कोणाच्या अंगावर पडतात, बोलायला उशीर लागलेलं पोर वेळेवर ओळखायचं कसं.

वडोदऱ्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ चं. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. तिथलं होम सायन्स आता फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस या नावानं चालतं. पोषण, वस्त्र, विस्तार (म्हणजे शिकलेलं लोकांपर्यंत पोचवणं) आणि मानव विकास असे विभाग त्यात वेगवेगळे आहेत. म्हणून लेकीला आधी एक विचारा : दवाखान्यात आहारतज्ज्ञ व्हायचं, की मुलांसोबत काम करायचं? आहारतज्ज्ञ व्हायचं असेल तर पोषण विभागच घ्यावा लागतो. मुलं चुकतात ती इथे.

आता पैशाचं, लपवत नाही. नुसत्या पदवीवर मोठा पगार नाही. एम.एस्सी. करावीच लागेल. दिव्यांग मुलांना शिकवायचं तर भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेला कोर्स आणि नोंदणी वेगळी. जिल्हा रुग्णालयातल्या बालकांच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (मुलाच्या वाढीतली अडचण लवकर ओळखून मदत करतात तिथे) अशी माणसं लागतात, पण कंत्राटावर. अंगणवाडी पर्यवेक्षिका किंवा बालविकास प्रकल्प अधिकारी व्हायचं तर स्पर्धा परीक्षा आहेच. पाच एकरवाल्या घरानं पाच वर्षांचा हिशेब आजच मांडावा. कर्ज काढून पहिल्या वर्षापासून पाठवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसा जुळत नसेल तर पदवी परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात किंवा नागपूरला होम सायन्समध्ये करा आणि एम.एस्सी.ला वडोदरा गाठा. तोवर तिचं इंग्रजीही बसेल.

पेरणीच्या धांदलीआधी दोन दिवस काढता आले तर बडनेऱ्याहून वडोदऱ्याला थेट गाडी आहे. मानव विकास विभागाची स्वतःची चेतन बालवाडी आहे. परवानगी मागून तासभर तिथे बसा. लेक त्या पोरांत कशी रमते ते तुम्ही स्वतः बघा, मग मला पुन्हा लिहा.