फुलं मान टाकतायत? डाग (सोल्डरचा जोड) कुठे दिलाय ते आधी बघा

तुम्ही कासच्या पठारावरच्या सोनकीवरून (पिवळं रानफूल) भाचीच्या लग्नासाठी राजघराण्यातल्यासारखा टियारा (डोक्यावरचा मुकुटासारखा दागिना) करताय आणि "स्प्रिंगवरची फुलं थरथरायच्या ऐवजी लोंबतात" हे तुमच्या पोस्टमध्ये वाचलं आणि माझे ते तीन आठवडे आठवले. मी चांदीत काम करते, हिऱ्यांच्या कामाबद्दल बोलायचा मला अधिकार नाही, तेवढं धरून वाचा.

माझी नऊ फुलं होती. पहिलं फूल लोंबलं तेव्हा एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवलं, त्यांनी तुकडा हातात न घेताच सांगितलं जाड तार घाला, आणि मजुरी घेऊन घातलीही. झालं काय, फुलं उभी राहिली पण हलेनात, खिळ्यावर ठोकल्यासारखी, आणि परत गेले तर म्हणे डिझाईनच चुकलंय! इतका राग आला होता. डिझाईन बरोबर होतं हो. चूक डागाची होती. चांदीचा डाग वितळतो ७०० अंशांच्या आसपास, तोवर स्प्रिंगमधला ताण निघून जाऊन तार नरम झालेली असते. बोटाने फूल दाबून सोडा, परत जागेवर आलं नाही तर तेच झालंय.

म्हणून स्प्रिंगला आग दाखवूच नका. फुलाच्या पाठीला आणि खालच्या फ्रेमला बारीक नळी डाग देऊन बसवा, पॉलिश, खडे सगळं उरका, आणि अगदी शेवटी कडक ओढलेल्या (ओढल्यावर न तापवलेल्या) तारेची स्प्रिंग थंडच नळीत घालून नळी पकडीने चेपा. स्टीलची तार घेतलीत तर ती डागानंतर तुकडा साफ करायच्या ॲसिडच्या भांड्यात चुकूनही जाऊ देऊ नका, आतली सगळी चांदी तांबूस होते.

आणि सगळी फुलं हलती करू नका, माझ्या मते तीन पुरे. स्ट्रॅथमोर टियाराचे फोटो बघा, १९२३ मध्ये एलिझाबेथ बोज-लायन (पुढे ब्रिटनच्या राणी झाल्या) यांना लग्नात वडिलांनी दिलेला, त्यातले पाच रानगुलाब सुटे करून ब्रोच म्हणून लावता येतात. तुमचीही सुटी ठेवा, एखादं बिघडलं तर तेवढंच काढून दुरुस्त होईल.

फ्रेम मात्र भाचीच्या डोक्यावर तार वाकवूनच घ्या, टेपच्या मापावर जाऊ नका. खालच्या पट्टीला केसांच्या रंगाची मखमली रिबन गुंडाळा, घसरत नाही आणि कानामागे टोचतही नाही.