रेशीमअळीचं रक्त बनतं कुठे?

प्रश्न : आम्ही तुतीवर रेशीमकिडे घेतो. निरोगी अळीला खरचटलं तर पिवळसर स्वच्छ थेंब येतो आणि थोड्या वेळात काळा पडतो. ग्रासरी (अळीचा विषाणूजन्य रोग) झालेली अळी फुटली की दुधासारखं पाणी येतं. अळीला हाडं नाहीत, यकृत नाही, मग तिच्या रक्तातली प्रथिनं तयार कुठे होतात?
– एक रेशीम उत्पादक, बीड जिल्हा

उत्तर : पाचव्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेतली अळी मेणाच्या ट्रेमध्ये पाण्याखाली पाठीवरून उघडली, की आतड्याभोवती आणि कातडीखाली पांढऱ्या, फाटक्या फिती तरंगताना दिसतात. रेशीमग्रंथी गाठायच्या घाईत विद्यार्थी त्या चिमट्याने ओढून टाकतात. मी दरवेळी थांबवते, कारण तुमचं उत्तर तिथेच आहे. हा मेदपिंड. नावात मेद असला तरी रक्तातली बहुतेक प्रथिनं तोच बनवतो. कीटकांत रक्तवाहिन्यांचं जाळं नसतं. या फिती रक्तातच बुडालेल्या असतात, त्यामुळे बनलेलं प्रथिन थेट रक्तात उतरतं.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो त्याचा पुढचा व्यवहार. अळी खादाड असते तेव्हा मेदपिंड साठवणीची प्रथिनं रक्तात भरभरून सोडतो आणि कोष विणून झाला की त्यांतली बरीचशी स्वतःच परत ओढून पेशींत कणांच्या रूपात ठेवतो. त्यावर पुढे पतंगाचं शरीर घडतं. मादीत अंड्याच्या बलकाचं प्रथिनही इथेच बनतं आणि रक्तावाटे अंडाशयात जातं. कीटकशास्त्रज्ञ विल्यम टेल्फर यांना 1954 मध्ये सिक्रोपिया पतंगाच्या रक्तात मादीचं असं खास प्रथिन सापडलं. ते मेदपिंडात बनतं हे 1969 मध्ये सिद्ध झालं.

पण सगळं श्रेय मेदपिंडाला देऊ नका. कॅनडात मायकेल लॉक आणि पल्ली या शास्त्रज्ञांनी 1987-88 च्या सुमारास कॅल्पोडिस या फुलपाखराच्या अळीचे अवयव वेगवेगळे तपासले. कातडीखालचा पेशीथर आणि मध्यांत्रही (आतड्याचा मधला भाग) रक्तात प्रथिनं सोडतात, असं दिसलं. तुमचा थेंब काळा पडतो तो फिनॉलऑक्सिडेज या विकरामुळे (एन्झाइममुळे). रेशीमअळीत त्याचं निष्क्रिय रूप रक्तातल्याच काही पेशी बनवतात. जखम झाली की ते जागं होतं.

ग्रासरीचा विषाणू मेदपिंडाच्या पेशींच्या केंद्रकात वाढतो. पेशी फुटल्या की त्याचे स्फटिकासारखे कण रक्तात उतरतात, म्हणून ते दुधाळ दिसतं. त्या एका थेंबाने पाला नासतो आणि शेजारच्या अळ्यांना लागण होते. कातडी ताणलेली, चकाकणारी अळी दिसली की फुटायच्या आत उचला आणि चुना-ब्लीचिंगच्या पाण्यात टाका.