वाचनसोबत : 'श्यामची आई' मुलांना कशी ऐकवावी?

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. आजोबांनी वाढदिवसाला त्याला 'श्यामची आई' दिलं. थोडं वाचून त्यानं ते कपाटात ठेवून दिलं. 'आई, यात सगळे सारखे रडतातच,' म्हणतो. त्याच्या वयाची असताना मी हे पुस्तक उशाशी घेऊन झोपायचे. त्याला आग्रह करू, की सोडून देऊ?
– एक आई, मनमाड

पुस्तक कपाटातून काढा, पण त्याच्या हातात देऊ नका. तुम्हीच घ्या आणि रात्री जेवणं आटोपली की त्याला वाचून दाखवा. एका वेळी एकच रात्र. दुसरी मागितली तरी उद्यावर टाका.

'रात्र' म्हणते, कारण साने गुरुजींनी प्रकरणांना तेच नाव दिलंय. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस रात्री. आश्रमातली दिवसभराची कामं उरकली की श्याम मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो. मुळात ते सांगणंच आहे, कागदावर उतरलेलं. चार रात्री एका दुपारी वाचल्या की चार दिवसांचं रडू एकदम अंगावर येतं आणि अकरा वर्षांच्या पोराला ते झेपत नाही. तुमच्या मुलाची तक्रार खरी आहे. त्याला रागावू नका.

गुरुजींच्या लेखणीत हे सांगणं कुठून आलं, तेही बघा. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या झाडायच्या, पांघरुणांच्या घड्या घालायच्या, आणि त्याच हातांनी मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' लिहायचं. समोर बसलेल्या, नावानिशी ओळखीच्या मुलांसाठी लिहिण्याची सवय तिथली. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. ती अठरा प्रवचनं आज आपल्याला वाचायला मिळतात, कारण गुरुजी समोर बसून ती उतरून घेत होते. बोललेलं वाक्य बोलल्यासारखंच कागदावर यावं, याची त्याहून मोठी तालीम कोणती? पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहायला घेतलं : गुरुवार, ९ फेब्रुवारी १९३३. सोमवारी, १३ तारखेला पहाटे हातावेगळं केलं. पाच दिवस! माझी खात्री आहे की त्या पाच दिवसांत गुरुजी मनातल्या मनात सांगत होते आणि हात नुसता मागे धावत होता.

मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर आमच्या ओटीवर संध्याकाळी आळीतली मुलं जमवून वाचते. पहिल्या वर्षी मीही चुकले, पुस्तक सुरुवातीपासून धरलं आणि आठवड्यात निम्मी मुलं गळाली. दुसऱ्या वर्षी श्यामच्या पोहण्यापासून सुरुवात केली. श्याम पाण्याला घाबरून लपून बसतो आणि आई शिंपटी घेऊन त्याला फोडून काढते. ती ओळ आली तशी ओटीवरची मुलं सरसावून बसली. श्यामची आई मारते? त्यांना वाटलं होतं, ती नुसती गोड बोलत असणार. एकजण म्हणाला, 'माझ्या बाबांनी पाठीला डबा बांधून ढकललं होतं विहिरीत.' मग प्रत्येकाची विहीर निघाली. अर्धा तास पुस्तक मांडीवर उपडं पडून होतं, मी मुद्दामच उचललं नाही. शेवटी एका मुलीनं विचारलं, 'मग तो परत आल्यावर आई काय म्हणाली?' आईनं त्याच्यासाठी दही ठेवलेलं असतं, त्याला आवडतं म्हणून. ते मी वाचलं आणि कुणी काही बोललं नाही.

त्यानंतर 'थोर अश्रू' घ्या. न्हाऊन ओल्या पायांनी मातीत उतरायचं नाही म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई आपलं लुगडं दगडावर पसरते. तिथं ती म्हणते, 'तसेच मनाला घाण लागू नये म्हणूनही जप हो.' हा 'हो' नीट वाचा. श्यामचं गाव पालगड, दापोली तालुक्यातलं, आणि कोकणातली आई समजावताना वाक्याच्या शेवटी तो 'हो' हळूच सोडते. आपण नाशिक-खानदेशची माणसं तो ठासून म्हणतो, की लगेच उपदेश होतो. आवाज खाली आणा.

शेवटच्या आजाराच्या रात्री मात्र इतक्यात नकोत. आधी त्या बाईची आणि तुमच्या मुलाची ओळख होऊ दे.

प्रश्न : 'देवाला सारी प्रिय' वाचताना मुलीनं विचारलं, आई श्यामला म्हातारीची मोळी उचलून द्यायला सांगते, मग 'घरी येऊन आंघोळ करीन' असं लोकांना सांगायला का लावते? मला उत्तर देता आलं नाही.
– एक वाचक, सोलापूर

मुलीनं बरोबर जागा पकडली. तो भाग गाळू नका आणि सारवासारवही करू नका. अस्पृश्य ठरवलेली एक जख्ख म्हातारी, तिची मोळी पडलीय आणि कुणी शिवायला तयार नाही. त्या गावात एक ब्राह्मण बाई मुलाला म्हणते, जा, उचलून दे. पण विटाळाची रीत तिलाही ओलांडता आलेली नाही. आंघोळीचं सांगितलं की लोक मुलाला बोलणार नाहीत, एवढी वाट तिनं काढली. तिची धाव तिथपर्यंतच होती, हे मुलीला सांगा.

आणि पुढचंही सांगा. ही आई १९१७ मध्ये गेली. तीस वर्षांनी, १ मे १९४७ ला, तिचा मुलगा, म्हणजे साने गुरुजी, पंढरपुरात उपोषणाला बसला : विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्य ठरवलेल्यांनाही उघडा. त्याआधी तो महाराष्ट्रभर याच मागणीसाठी फिरला होता. दहा दिवसांनी, देऊळ खुलं करायचं मान्य झालं तेव्हा, उपोषण सुटलं. तुमच्या मुलीला जे खटकलं, ते त्या मुलालाही आयुष्यभर खटकत राहिलं असणार, असं मला वाटतं. सोलापूरहून पंढरपूर जवळ आहे. तिला घेऊन जा आणि रांगेत उभं राहिल्यावर ही गोष्ट सांगा.

प्रश्न : 'श्यामची आई' वाचून झालं. मुलगी आठवीत आहे. गुरुजींचं पुढे काय द्यावं?
– एक बाबा, ठाणे

'सुंदर पत्रे'. पुतणी सुधा हिला गुरुजींनी लिहिलेली ही पत्रं. मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी त्यांनी पुष्कळ लिहिलं, पण आठवीच्या मुलीला मी आधी हीच देईन. इथे गोष्ट सांगणारा श्याम नाही. काका पुतणीशी बोलतोय आणि तिला मोठं माणूस समजून बोलतोय. आमच्या ओटीवर ही पत्रं वाचली, तेव्हा मी प्रत्येकीला एकेक पोस्टकार्ड दिलं होतं. कुणाला लिहायचं, ते मी सुचवलं नाही. एकीनं गावाकडच्या चुलत्याला लिहिलं. आठवड्यानं त्याचं उत्तर आलं, तेही पोस्टकार्डावर, दोन्ही बाजूंनी भरून.